प्रात्यक्षिक पटते, तरी तंत्र शिवारात का रुजत नाही?

चोपडा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. केळीच्या घड व्यवस्थापनाची (घडाला पिशवी घालणे, वाळकी फुले काढणे अशा कामांची) प्रात्यक्षिके त्यांची कंपनी दोन हंगामांपासून घेत आहे. शेतकरी येतात, पाहतात, फरक मान्यही करतात. पण स्वतःच्या बागेत ते करणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. ठिबक आणि टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे मात्र याच शेतकऱ्यांनी फारशी खळखळ न करता स्वीकारली होती. मग हेच तंत्र का अडते, इतर विकसनशील देशांचा अनुभव काय सांगतो, आणि ‘मूल्यसाखळी (शेतापासून ग्राहकापर्यंतची साखळी) सुधारणे’ म्हणजे कंपनीने नेमके काय करायचे?

आपल्या प्रश्नातील ठिबकच्या उल्लेखातच अर्धे उत्तर आहे. जळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाटपाणी सोडून ठिबक घातले, पुढच्या दशकात बसराई आणि श्रीमंती या जुन्या वाणांचे कंद बाजूला ठेवून ग्रँड नैन या वाणाची टिश्यू कल्चर रोपे लावली, विद्राव्य खतांचे वेळापत्रक तोंडपाठ केले. त्याला ‘नव्या गोष्टींना बिचकणारा’ ठरवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे आहे. तोच माणूस घडावर पिशवी चढवायला तयार नसेल, तर दोष त्याच्या समजुतीत शोधण्याआधी पिशवीचा फायदा कोणाच्या पदरात पडतो, हे तपासले पाहिजे.

ठिबकचा लाभ घेण्यासाठी शेतकऱ्याला कोणाही खरेदीदाराची संमती लागत नव्हती. पाणी वाचले ते त्याच्याच विहिरीत राहिले, विजेच्या मोजक्या तासांत जास्त क्षेत्र भिजले, बारे देणाऱ्या माणसाची मजुरी वाचली. ग्रँड नैनचेही तसेच झाले. कंदापासूनची बाग सोळा ते अठरा महिने शेत अडवत असे, तर टिश्यू कल्चरची बाग अकरा-बारा महिन्यांत कापणीला येऊ लागली. घड वजनदार निघाला आणि वजनावरच खरेदी करणाऱ्या जुन्याच व्यापाऱ्याने तो जुन्याच काट्यावर मोजून घेतला. म्हणजे तंत्र बदलले, पण विक्रीची रीत जराही बदलावी लागली नाही. शिवाय रोपवाटिका, नळ्या बनवणारा कारखाना, विक्रेते, दुरुस्ती करणारा कारागीर आणि सल्ला देणारा कृषी पदवीधर हे सगळे जळगावातच होते. अनुदानाचा आधार होता, हेही खरे. आजही राज्याच्या पूरक योजनेसह अल्प व अत्यल्पभूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते, मात्र ते संच बसवल्यानंतर हातात येते आणि तोवरचा पैसा शेतकऱ्याला स्वतःच उभा करावा लागतो. तरीही लोकांनी ठिबक घातले, कारण परतावा शेतातच मिळत होता. (वाचलेल्या पाण्यावर केळीचे क्षेत्रच वाढले, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेर पट्ट्यात भूजलाची पातळी खालीच जात राहिली, ही या यशोगाथेची दुसरी बाजू आहे, ती स्वतंत्र विषयाची आहे.)

घड व्यवस्थापनाचे गणित याच्या नेमके उलटे आहे. त्यात करायचे काय, हे आपल्याला ठाऊक आहे: घड निसवताना (झाडातून बाहेर पडताना) फुलकिड्यांसाठी केळफुलाला इंजेक्शन द्यायचे, शेवटची फणी मोकळी झाली की केळफूल मोडायचे, केळांच्या टोकांवरची वाळकी फुले हाताने काढायची, खालच्या एक-दोन अपुऱ्या फण्या काढून टाकायच्या, पिशवी चढवायची, झाडाला आधार द्यायचा. ही कामे एका दिवसाची नाहीत. बाग एकदम निसवत नाही. काही आठवडे रोज बागेत फिरून त्या-त्या दिवशीचे घड शोधावे लागतात, शिडी घेऊन दोन माणसे ओळीओळीने जातात, आणि कुशल माणूस नसेल तर चीक उडून केळावर डाग पडतात तेही वेगळेच. एवढे करून मिळते काय? वजनात थोडी भर, आणि साल डागविरहित. आता ही डागविरहित साल नेहमीच्या व्यापाऱ्याकडे गेली की काय होते ते पाहा. कापणीची टोळी घड कापते, काट्यावर मोजते, दांड्याच्या वजनाची कटती लावते आणि ट्रकमध्ये घडावर घड रचते. उत्तर भारताच्या बाजारपेठेपर्यंत तो माल पोहोचेपर्यंत शेजारच्या बागेतला खरचटलेला घड आणि आपला पिशवीतला घड यांत काहीही भेद उरत नाही. व्यापारी जास्तीचा भाव देत नाही हा त्याचा दुष्टपणा नव्हे. त्यालाही पुढे तो भाव कोणी देत नाही.

म्हणूनच मी तंत्रांची विभागणी सोपे-अवघड किंवा स्वस्त-महाग अशी करत नाही. ज्या तंत्राचा लाभ बांधाच्या आत मिळतो ते तंत्र प्रात्यक्षिकाने पसरते. ज्याचा लाभ खरेदीदाराच्या प्रतवारीच्या टेबलावर ठरतो ते तंत्र प्रात्यक्षिकाने पसरत नाही, खरेदीच्या व्यवहाराने पसरते. आपण दुसऱ्या प्रकारच्या तंत्रासाठी पहिल्या प्रकारची पद्धत वापरत आहात.

आता निर्यातदाराचा पर्याय आहेच, असे आपण म्हणाल. जळगावची केळी आखाती देशांत जाते आणि तेथे डागविरहित सालीला किंमत आहे. पण येथेही हिशेब कागदावर मांडून पाहावा. पाच बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी १,७४२ झाडे बसतात. समजा, त्यांतून कापणीयोग्य १,५०० घड मिळाले आणि सरासरी वजन वीस किलो धरले, तर ३०० क्विंटल माल झाला. पिशवी, औषध आणि मजुरी मिळून घडामागे सोळा रुपये खर्च आला असे धरले, तर तो २४,००० रुपये होतो. निर्यातीचा भाव स्थानिक भावापेक्षा क्विंटलला २०० रुपये जास्त आहे असे माना. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. आपल्या गावचे घालून पुन्हा मांडावेत. मालापैकी ६० टक्के निर्यातीला पास झाला तर वाढीव उत्पन्न ३६,००० आणि निव्वळ लाभ १२,००० रुपये. ४० टक्के पास झाला तर खर्च जेमतेम भरून निघतो. ३० टक्क्यांवर आला तर सहा हजार रुपये खिशातून जातात. म्हणजे सारा निर्णय भावावर नव्हे, तर ‘पास’ होण्याच्या टक्केवारीवर टांगलेला आहे, आणि ती टक्केवारी ठरवणारा माणूस शेतकरी नाही.

तो माणूस प्रत्यक्षात कसा ठरवतो, हे कापणीच्या दिवशी बागेत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. खरेदीदाराचा पर्यवेक्षक कॅलिपर घेऊन येतो, दुसऱ्या फणीतल्या मधल्या केळाचा घेर मोजतो, लांबी पाहतो, सालीवरचे डाग न्याहाळतो आणि टोळीला कोणता घड घ्यायचा, कोणता सोडायचा ते सांगत पुढे जातो. मागणी तेजीत असली की त्याची नजर सैल असते; कंटेनर भरत आला असला किंवा तिकडे भाव पडले असले की तोच डाग ‘रिजेक्ट’ ठरतो. मापाची अट लेखी नसते, तक्रार ऐकणारा तिसरा कोणी नसतो, आणि सोडलेला माल त्याच दिवशी स्थानिक व्यापाऱ्याला विकावा लागतो. निवडून उरलेला म्हणून तो व्यापारी नेहमीपेक्षाही कमी भाव सांगतो. माझ्या उदाहरणात मी उरलेल्या मालाला पूर्ण स्थानिक भाव धरला होता. ही घट धरली की ४० टक्क्यांवरही तोटाच होतो. एकदा हे अनुभवलेला शेतकरी पुढच्या वर्षी ताकही फुंकून पितो, आणि त्याचे पाहून त्याच्या शिवेवरचे चार जणही हात आखडता घेतात.

इतर देशांच्या अनुभवांपैकी मला आपल्या परिस्थितीच्या सर्वांत जवळचा वाटतो तो केनियाचा. तेथे ड्रमनेट नावाच्या उपक्रमाने लहान शेतकऱ्यांचे गट केले, त्यांना कर्ज, निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) आणि निर्यातदाराशी जोडणी एकत्र दिली, आणि ते फरसबी, बेबी कॉर्नसारखी निर्यातीची पिके घेऊ लागले. अशरफ, जिने आणि कार्लान या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जे शेतकरी ही पिके पहिल्यांदाच घेत होते त्यांचे उत्पन्न सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले. प्रयोग यशस्वी ठरला आणि त्यानंतर सुमारे वर्षभरातच कोसळला. युरोपीय खरेदीदारांच्या ‘युरेपगॅप’ या मानकात बसत नाही म्हणून निर्यातदाराने माल घेणे थांबवले. शेतकऱ्यांना तो मिळेल त्या भावाने मध्यस्थांना विकावा लागला, काहींचा शेतातच सडला, कर्जे थकली, आणि ते पुन्हा जुन्या पिकांकडे वळले. या शेतकऱ्यांनी तंत्र शिकण्यात काही कसर ठेवली नव्हती. साखळीतला एक दुवा तुटल्यावर त्यांच्याजवळ दुसरा गिऱ्हाईक नव्हता, एवढेच. एकाच निर्यातदाराच्या भरवशावर शंभर बागांना पिशव्या चढवायला लावणाऱ्या कोणत्याही कंपनीने हा अनुभव आधी वाचावा.

जोखमीचा मुद्दा घानाच्या उत्तर भागातील प्रयोगात अधिक स्वच्छ दिसतो. तेथे काही शेतकऱ्यांना रोख रक्कम आणि काहींना पर्जन्याधारित विमा देऊन पाहिले, तेव्हा शेतातली गुंतवणूक ठळकपणे वाढली ती विमा मिळालेल्यांची. पैसा नसल्यामुळे नव्हे, तर पैसा बुडण्याच्या भीतीने हात थांबला होता, असा त्याचा अर्थ. खान्देशात हवामान आधारित फळपीक विमा आहे आणि केळी उत्पादक तो मोठ्या प्रमाणावर घेतात. मात्र त्याचा आधार प्रामुख्याने महसूल मंडळातील हवामान केंद्राची नोंद असते, केवळ आपल्या बागेतली पडझड नव्हे. मे महिन्यातील वादळात एका शिवेवरची बाग आडवी होते आणि केंद्रावर वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेखालीच नोंदला जातो, असे घडले की विम्यावरचा विश्वास उडतो. आणि तोच विमा माल ‘रिजेक्ट’ होण्याच्या, भाव पडण्याच्या किंवा कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे बाग उपटावी लागण्याच्या जोखमीला बहुधा लागूच नसतो.

कपाशीकडे वळलो तर हेच तत्त्व आणखी उघडे दिसते. स्वच्छ वेचणी करा, पालापाचोळा येऊ देऊ नका, दव उतरल्यावर वेचा, प्लास्टिकची गोणी वापरू नका, हे सांगणारी पत्रके कित्येक वर्षे वाटली जात आहेत. पण वेचणीची मजुरी किलोवर असते. सकाळी लवकर, दवाने जड झालेला कापूस वेचला तर बाईच्या हिशेबात वजन भरते. बोंडातली कवडी (किडका, डागाळलेला कापूस) बाजूला काढत, पाने टाळत वेचला तर दिवसाची मजुरी घटते. तिने स्वच्छ वेचणी करावी अशी इच्छा असेल तर तिला रोजाने किंवा किलोला वाढीव दर देऊन वेचणी करून घ्यावी लागेल. तो दर शेतकरी केव्हा देईल? गावात येणारा खेडा खरेदीवाला रुईचा उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण) आणि धाग्याची लांबी पाहून भाव वेगळा करील तेव्हा. तो तर एकाच भावाने सगळा कापूस गाडीत भरतो. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा मोजला जातो, आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव आणि बारा टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात असा नियम आहे; म्हणून तेथे माल नेणारा शेतकरी, कोणी शिकवो वा न शिकवो, कापूस वाळवून नेतो. एकच शेतकरी दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागतो, त्यामागे एवढेच कारण आहे.

कपाशीचीच दुसरी गोष्ट अशी की काही तंत्रे एकट्याने स्वीकारून उपयोगच होत नाही. बीटी कपाशीला (बोंडअळीला तोंड देणाऱ्या, जनुक बदललेल्या वाणांना) २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच ती जवळजवळ सर्वत्र पोहोचली. तिच्यासोबत सांगितलेल्या बिगर-बीटीच्या आश्रय ओळी (अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून लावायच्या) मात्र फारच थोड्यांनी लावल्या, कारण त्यांचा खर्च एकाचा आणि लाभ साऱ्या शिवाराचा. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली. फरदड (वेचणीनंतरही पीक शेतात ठेवून पुन्हा उत्पादन घेणे) न ठेवण्याचा सल्ला असो की मे महिन्यातल्या पूर्वहंगामी लागवडीला आवर घालण्याचा, एका शेतकऱ्याने पाळून शेजाऱ्याने मोडला तर पाळणारा मूर्ख ठरतो. राज्य शासनाने अलीकडच्या काही हंगामांत एक जूनपूर्वी बियाणे विक्रीवर बंधन घातले ते याच कारणासाठी. खान्देशाला हा विचार परका नाही. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीत कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सगळे लाभधारक मिळून ठरवत, पाण्याची पाळी पाटकरी सांभाळत असे, आणि एकट्याने वेगळे पीक घेण्याला तेथे वावच नसे. विषाणूग्रस्त केळीची झाडे उपटणे, बागेजवळ काकडीवर्गीय पिके टाळणे, विषाणू पसरवणारा मावा आटोक्यात ठेवणे ही कामेही शिवार पातळीवर ठरवण्याची आहेत. ती प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर शिकवून भागणार नाही.

निविष्ठांच्या दर्जाबद्दल दोन आफ्रिकी अभ्यास शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. युगांडातील २०१७ च्या अभ्यासात बाजारातील खतात सरासरी ३० टक्के अन्नद्रव्य कमी आढळले आणि संकरित मक्याच्या बियाण्यात अस्सल बियाणे निम्म्याहूनही कमी असल्याचा अंदाज निघाला. असे बियाणे वापरून तोटा होत असेल तर न वापरणारा शेतकरीच शहाणा म्हणावा लागेल. दुसऱ्या अभ्यासात टांझानियात युरिया तपासला गेला, तेव्हा तो चांगला निघाला, तरीही शेतकरी त्याला भेसळीचा समजत होते. म्हणजे दर्जा खराब असला तरी तंत्र अडते, आणि दर्जा चांगला असूनही तो ओळखण्याचा भरवशाचा मार्ग नसला तरी अडते. आपल्याकडे तणनाशक सहनशील कपाशीचे विनापरवाना बियाणे चोरट्या मार्गाने विकले जाते आणि शेतकरी ते धुंडाळून घेतात, कारण निंदणीची मजुरी वाचते, लाभ थेट बांधाच्या आत आहे. पण त्याचे बिल नसते. उगवण झाली नाही तर दाद कोणाकडे मागणार? कंपनीने निविष्ठा विकायच्या ठरवल्या तर पक्के बिल, लॉट क्रमांक आणि नमुना जपून ठेवणे, एवढ्या साध्या गोष्टीही तिला खासगी विक्रेत्यांपेक्षा वेगळे ठरवतील.

मोबाइलवर भाव कळवले की शेतकऱ्याची पिळवणूक थांबते, या समजुतीबद्दल थोडेच लिहितो. मध्य प्रदेशात २००० पासून सुरू झालेल्या ई-चौपाल केंद्रांचा (आयटीसी कंपनीच्या गावोगावच्या इंटरनेट केंद्रांचा) अभ्यास सांगतो की त्यांच्यामुळे मंडीतील सोयाबीनचे भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढले. हा परिणाम मोलाचा आहे, पण तेथे भावाच्या माहितीसोबत तो भाव प्रत्यक्ष देणारा दुसरा खरेदीदारही दारात आला होता. रावेर आणि बऱ्हाणपूरचे भाव आज आपल्या प्रत्येक केळी उत्पादकाच्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतात. बाग पिकायला आलेली असताना व्यापारी त्या भावापेक्षा कमी सांगतो आणि शेतकऱ्याला तो घ्यावा लागतो, कारण कापणीची टोळी आणि गाडी व्यापाऱ्याच्या हाती असते. आपली कंपनी दुसरे काही न करता स्वतःची एक प्रशिक्षित कापणी टोळी उभी करू शकली, तरी भावाच्या दहा संदेशांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आता आपण काय करावे. प्रात्यक्षिकांची संख्या कमी करा आणि तो वेळ खरेदीच्या अटी लेखी करून घेण्यात घाला. लांबी, घेर, डागांची मर्यादा, स्थानिक जाहीर भावावर किती फरक, पैसे किती दिवसांत, आणि नाकारलेला माल कोण उचलणार, ही कलमे त्यात हवीत. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच बहुतेक करारांत नसते. प्रतवारीच्या वेळी कंपनीचा स्वतःचा माणूस कॅलिपर घेऊन खरेदीदाराच्या माणसाशेजारी उभा राहिला पाहिजे.

दुसरे, सभासद विखुरलेले निवडू नका. वातानुकूलित कंटेनरमध्ये सुमारे वीस टन माल जातो. वीस किलोच्या घडातून बारा किलो निर्यातयोग्य निघाला असे धरले, तर एका कंटेनरला सोळाशे-सतराशे घड लागतात आणि एका एकराची बाग ते एका कापणीत कधीच देत नाही. त्यामुळे एकाच आठवड्यात लागवड झालेल्या, रस्त्याला लागून असलेल्या, शेजारशेजारच्या पाच-सहा बागा मिळाल्या तर गाडी भरते, टोळीचा दिवस वाया जात नाही, आणि पिशव्या चढवणारी माणसे रोज काम मिळाल्याने टिकतात. मृगबागेच्या (जून-जुलैतील) लागवडीच्या वेळीच हे ठरले पाहिजे. घड निसवल्यावर गट जुळवायला गेलात तर उशीर झालेला असतो.

खर्चाची उचल कंपनीने करावी आणि विक्रीच्या रकमेतून कापून घ्यावी, असे सुचवले जाते. ते योग्य आहे, पण बाहेर दोन पैसे जास्त मिळाले की माल तिकडे जातो आणि उचल थकते, हेही धरून चाला. यावर कायद्याचा धाक फारसा चालत नाही. पैसे वेळेवर देणारा आणि पडत्या भावातही माल उचलणारा म्हणून कंपनीचे नाव झाले तरच सभासद टिकतात, आणि त्यासाठी हाती खेळते भांडवल लागते, ज्यात बहुतेक उत्पादक कंपन्या मार खातात. म्हणून पहिल्या वर्षी भांडवलाला झेपेल तेवढ्याच बागा घ्या, मग सभासदांची यादी कितीही मोठी असो.

निम्मेवाट्याने किंवा ठेक्याने केलेल्या बागांचा विचार वेगळा करावा लागेल. पिशवीचा खर्च वाटेकऱ्याने करायचा आणि वाढीव भाव निम्मा मालकाकडे जायचा असेल, तर तो खर्च होणार नाही. मालक आणि वाटेकरी दोघांना एकत्र बसवून खर्चाचीही वाटणी आधी ठरवून घ्या. चोपडा तालुक्यात अशा बागा किती आहेत हे माझ्यापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असेल, आणि प्रात्यक्षिकाला मान डोलावून घरी गेलेल्यांपैकी त्या किती जणांच्या आहेत, हे एकदा हजेरीपत्रक काढून पाहावे.

पुढच्या मृगबागेसाठी निर्यातदाराशी बोलणी करताना त्याला पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. गेल्या हंगामात त्याने उचललेल्या बागांमधून पास होण्याचे प्रमाण किती होते, ते बागवार मागा. तो दाखवायला तयार असेल तर पुढे बोला. नसेल, तर त्या हंगामात पिशव्या फक्त तेवढ्याच बागांना चढवा ज्यांचा तोटा कंपनी स्वतः सोसू शकते, आणि दुसरा खरेदीदार शोधायला लागा.